टळलेल्याची नोंद

पुण्यातल्या माणसाला डोंगर चढायला कुणी शिकवावं लागत नाही. सकाळी पर्वतीच्या एकशेतीन पायऱ्या, रविवारी सिंहगड, पावसाळा ओसरला की राजगड-तोरणा, आणि अंगात जास्तच रग असली तर चांदण्या रात्री कात्रजहून निघायचं आणि टेकडीमागून टेकडी तुडवत पहाटेपर्यंत सिंहगड गाठायचा. असं वळण लागलेली हजारो माणसं या शहरात आहेत आणि त्यांच्या पायांवर शंका घ्यायचं काही कारण नाही. फक्त एक गोष्ट त्यांना इथे कधीच भेटत नाही. सिंहगड तेराशे मीटरच्या आसपास, तोरणा चौदाशेच्या, आणि साऱ्या महाराष्ट्रात सगळ्यात उंच असलेलं कळसूबाई १६४६ मीटर. उंचीचा त्रास सुरू होतो साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे. त्यामुळे महाराष्ट्रात जन्मभर गड चढलेल्या माणसाचीही विरळ हवेशी गाठ पडलेली नसते. पडलेली नाही, हे त्याच्या ध्यानातही नसतं.

बाईंच्या ते ध्यानात होतं, म्हणून ही गोष्ट.

बाई नाना पेठेतल्या महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या. ज्येष्ठ वद्यात पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असतात. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाला, ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबाला, आणि बरोबरच्या दिंड्या पेठांमधल्या वाड्यांत, मंगल कार्यालयांत, शाळांच्या वर्गांत पांगतात. बाईंच्या शाळेतही एक दिंडी उतरायची. बाकं भिंतीला लावायची, फरशी धुऊन काढायची, टाक्या भरून ठेवायच्या, आणि मग दोन दिवस ज्या वर्गात पाढे म्हटले जातात तिथे चारशे पावलं पसरलेली बघायची. नोकरीच्या पहिल्याच वर्षी शाळेतल्या म्हाताऱ्या शिपाईमामांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "जे मागतात त्यांना काय, आपण देतोच. तुम्ही न मागणाऱ्याकडं बघत जा. वारीतलं माणूस दुखणं लपवतं. कळलं तर मागं ठेवतील म्हणून भितं." त्या रात्री बाईंना पंगतीत एक आजी दिसली. तिने भात नुसता चिवडला होता आणि पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला होता. हात लावून पाहिला तर अंग तव्यासारखं तापलेलं.

पुढे प्रत्येक पालखीला बाई पंगतीत वाढायच्या ते याच नजरेने. ताटाकडे आधी बघायचं, माणसाच्या तोंडाकडे मग.

निवृत्तीनंतर त्या हिमालयात गेल्या. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनतर्फे दर मे महिन्यात हिमाचलमधल्या कसोलहून सार पासचा ट्रेक निघतो. रोज एक नवी तुकडी निघते, पुढच्या कॅम्पवर जाते, तिची जागा मागून येणारी तुकडी घेते, आणि ही साखळी महिनाभर तुटत नाही. ग्रहण गाव, मग पाद्री, मिंग थाच, नगारू, तिथून खिंड ओलांडून पलीकडे बिस्केरी. बाई स्वतः एकदा या वाटेने जाऊन आल्या. खिंडीतल्या बर्फापेक्षा त्यांच्या मनात राहिली ती कॅम्पवरची माणसं. दमूनभागून वर पोचावं तर कुणीतरी सरबताचा पेला घेऊन उभं. कोण कुठला, कालपर्यंत ओळख नाही, उद्या सकाळनंतर भेट नाही. हे कॅम्प लीडर बहुतेक तुमच्याआमच्यासारखेच असतात. कुणी बँकेतून रजा काढून आलेला, कुणी निवृत्त, कुणी कॉलेजातला. पगार नसतो. तंबू, जेवण आणि शिट्टी मिळते.

या चळवळीचं मूळ बाईंनी कुठेसं वाचलं होतं आणि ते त्यांच्या मनात घर करून बसलं होतं. १९०९ सालच्या ऑगस्टमध्ये रिचर्ड शिरमन नावाचा एक जर्मन शिक्षक पोरांना घेऊन पायी सहलीला निघाला होता. वाटेत मोठं वादळ झालं. आसरा मिळाला तो एका खेड्यातल्या शाळेत. सुट्टीमुळे शाळा रिकामी होती, शेतकऱ्याकडून गवताचा पेंढा आणि दूध मिळालं, आणि पोरं वर्गात झोपली. बाहेर विजा कडाडत असताना शिरमनला झोप येईना, आणि त्याच्या मनात आलं की सुट्टीत गावोगावच्या शाळा अशाच ओस पडलेल्या असतात, त्या वाटसरू मुलांना का मिळू नयेत? तीन वर्षांत आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल उभं राहिलं. भारतात संघटना झाली १९४९ मध्ये. एका शिक्षकाने शाळेच्या फरशीवर पाहिलेलं हे स्वप्न, आणि आपणही शिक्षक, आपल्याही शाळेच्या फरशीवर वाटसरू झोपतात, एवढं बाईंना पुरलं. पुढच्या वर्षी त्यांनी कॅम्प लीडर म्हणून अर्ज केला. त्यांच्या वाट्याला नगारू आलं.

नगारू म्हणजे साडेबारा हजार फुटांच्या आसपासची एक उघडी धार. झाडांची हद्द खालीच संपते. तंबू उतारावर, वारा दोन्ही अंगांनी, पाणी बर्फाच्या ओघळातून भरून आणायचं. पाणी इथे सत्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ कितीही वेळ ठेवा, दाणा दाताखाली येतोच. सगळा स्वयंपाक कुकरवर. चहा उकळतो, पण तोंड भाजत नाही. दर श्वासाला जो प्राणवायू मिळतो तो समुद्रकाठच्या मानाने दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमीच. बाई आल्या आल्या दोन दिवस नुसत्या बसून होत्या. स्वयंपाकी तिथलाच, वयाने पन्नाशीचा. तो त्यांना माताजी म्हणायचा. त्याने त्यांच्या हातातली पाण्याची बादली काढून घेतली आणि सांगितलं, आधी डोंगराला तुमची ओळख होऊ द्या.

मग दिवसाला लय आली. दुपारी एकच्या सुमारास धारेवर पहिलं डोकं दिसायचं. सरबत, पाण्याच्या बाटल्या, तंबूंची वाटणी, ओले मोजे कुठे वाळत घालायचे, शौचाला कुठल्या बाजूला जायचं आणि कुठल्या बाजूला अजिबात नाही. चहा, मग सूप, मग उजेड असतानाच जेवण. शेकोटीविना शेकोटीची गाणी. रात्री गरम बोर्नव्हिटा. नगारूची पहाट रात्री तीनलाच व्हायची, कारण खिंडीवरचा बर्फ उन्हाने मऊ पडायच्या आत तुकडी वर पोचायला हवी. चारला टॉर्चची रांग धारेवरून चढून अंधारात नाहीशी झाली की बाई वही घेऊन बसायच्या. तुकडीतल्या माणसांनी जाण्याआधी त्या वहीत चार ओळी लिहाव्यात अशी रीत होती. बहुतेक पानं गोड असत. आई आठवली, खिचडी विसरणार नाही, बाईंचं गाणं विसरणार नाही. बाई प्रत्येक पान वाचत. त्यांना ते आवडायचं आणि आवडतं हे त्या लपवत नसत. छत्तीस वर्षं वर्गावर उभं राहिलेल्या माणसाला पोरांच्या डोळ्यांत स्वतःबद्दलचा लोभ ओळखता येतो, आणि त्याची सवयही लागते.

एका दुपारी तुकडीच्या बाकी माणसांच्या तासभर आधी एक तरुण एकटाच वर आला. हिंजवडीतल्या एका कंपनीतले सहा मित्र त्या तुकडीत होते, त्यांतला हा सगळ्यात दणकट. आल्या आल्या त्याने बाईंना हसून नमस्कार केला, पुण्याच्या म्हटल्यावर काकू म्हणाला आणि एका दगडावर बसून बुटाची नाडी बांधू लागला. बाईंनी सरबत पुढे केलं. त्याने पेला घेतला आणि शेजारी ठेवला. बाई दुसऱ्या कामाला गेल्या, परत आल्या, तेव्हाही तो नाडीच बांधत होता आणि पेला भरलेला होता. नगारूला पोचलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे चारी बाजूंचे फोटो काढतो. याचा फोन खिशातच होता.

"सकाळपासून काही खाल्लंस का रे?"

"भूक नाहीये, काकू. सकाळच्या पुऱ्या तेलकट होत्या."

"डोकं?"

"दुखतंय थोडं. काल वाऱ्याने झोप झाली नाही ना. गोळी घेतलीय."

"राहिली पोटात?"

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "एकदा उलटी झाली. दोनदा. पण त्यानंतरच तर मी सगळ्यांच्या पुढे आलो!"

बाईंनी त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. त्यातल्या आकड्यावर त्यांची भिस्त नव्हती. कोविडच्या दिवसांत पुण्यातल्या घराघरांत हे यंत्र आलं आणि चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की दवाखान्याकडे पळायचं एवढं सगळ्यांना पाठ झालं, पण नगारूवर धडधाकट माणसाचाही आकडा पंच्याऐंशी-नव्वदच्या मध्येच असतो. याचा त्याहून बराच खाली होता. त्यांनी काठीने जमिनीवर एक सरळ रेघ ओढली आणि एका पावलाची टाच दुसऱ्याच्या चवड्याला लावत त्यावरून चालायला सांगितलं. पोरगं हसत उठलं. सहाव्या पावलाला त्याचा पाय बाहेर पडला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा बाहेर पडला.

"बूट जड आहेत," तो म्हणाला.

प्रत्येक खुणेला त्याच्याकडे एक सुटं कारण होतं, आणि सुटं घेतलं तर एकही कारण खोटं नव्हतं. पुऱ्या तेलकट होत्याच. रात्री वारा होताच. बूटही जड होते. उंचीचा त्रास असाच येतो, रोजच्या ओळखीच्या तक्रारींचे कपडे घालून. आणि तो पायांतली ताकद बघत नाही. उलट दणकट माणूस भराभर चढतो, शरीराला नव्या हवेची सवय व्हायला जे दिवस लागतात ते त्याला द्यावेसे वाटत नाहीत, आणि दुखणं सांगायची त्याला सवय नसते. डोकं दुखत असताना आणखी वर जायचं नाही, आणि तोल जायला लागला तर तासभरही न थांबता खाली उतरायचं. डोंगरातल्या वैद्यकाचे हे दोन नियम बाईंनी पुण्यातून निघतानाच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते. तोल जाणं म्हणजे मेंदूवर सूज येत असल्याची खूण असू शकते, आणि तिच्यावर खात्रीचा उपाय एकच, उंची सोडणं.

तोपर्यंत बाकीचे पोचले. बाईंनी निर्णय सांगितला. आत्ता, उजेड आहे तोवर, दोन मदतनीस घेऊन मिंग थाचला उतरायचं. तिथे बरं वाटलं नाही तर आणखी खाली, पाद्रीला.

तुकडीत एकच गलका झाला. सगळे इतके दिवस चालले होते ते उद्याच्या खिंडीसाठी. उद्या पहाटे चार तास चढलं की झालं. मित्र म्हणाले, रात्री बघू, सकाळी ठरवू. बाईंनी समजावलं की झोपेत श्वास उथळ होतो, रात्री हे वाढतं, आणि अंधारात या धारेवरून न चालणाऱ्या माणसाला उतरवता येत नाही. खिंडीच्या वाटेवर तर परत फिरायलाही जागा नाही. पण कुणी ऐकत नव्हतं. शेवटी तो तरुण उभा राहिला. आता त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"काकू, मी लिहून देतो. काही झालं तर जबाबदारी माझी. द्या कागद."

"तू देशील रे लिहून," बाई म्हणाल्या. "पण वर तुझे पाय चालेनासे झाले तर तुला पाठीवर घेणारी माणसं या तंबूत आहेत. त्यांना घरी लेकरं आहेत. त्यांच्या वतीने कोण लिहून देणार?"

तो गेला. जाताना त्याने मागे पाहिलं नाही. सॅक मदतनिसाच्या पाठीवर होती, आणि ही गोष्ट त्याला सगळ्यात जास्त लागली असावी.

त्या संध्याकाळी गाणी झाली नाहीत. जेवणाच्या रांगेत कुणी बाईंशी बोललं नाही. पहाटे साडेतीनला टॉर्चच्या उजेडात त्याच्या मित्रांनी वहीत लिहिलं, आणि घाईत असूनही पानभर लिहिलं. आमचा मित्र दर रविवारी सिंहगड चढतो, कात्रज ते सिंहगड रात्रीत करतो, आमच्या सगळ्यांत तोच तयारीचा. त्याला मातीत रेघ ओढून चालायला लावलं आणि त्याचं वर्षभराचं स्वप्न मोडलं. कॅम्प लीडर म्हणून माणसांची पारख असलेली व्यक्ती नेमावी.

टॉर्चची रांग गेली. स्वयंपाकी चहा घेऊन आला. त्याने पान वाचलं नव्हतं, त्याला मराठी येत नव्हतं, पण बाईंचा चेहरा त्याला वाचता आला. तो म्हणाला, माताजी, फाडून टाका. पुढची तुकडी दुपारी येईल, चहाच्या वेळी लोक ही वही चाळत बसतात, कशाला त्यांच्या हाती हे? बाई म्हणाल्या, हजेरीच्या वहीतलं पान फाडत नाहीत.

तिसऱ्या दिवशी भाज्या घेऊन आलेल्या पोर्टरने खालून एक चिठ्ठी आणली. त्या तरुणाचीच होती. कसोलच्या बेस कॅम्पवर मित्रांची वाट बघत बसला होता, हातात वेळ होता, राग होता. त्याने लिहिलं होतं: 'मिंग थाचला थोडं बरं वाटलं. तरी त्यांनी मला सकाळी पाद्रीला उतरवलं. पाद्रीला पोचेपर्यंत डोकं पूर्ण थांबलं होतं आणि मी दोन वेळा वाढून घेऊन जेवलो. म्हणजे मला काहीही झालेलं नव्हतं, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहीत आहे.'

बाईंनी ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. उंची सोडली आणि दुखणं थांबलं, हे तर उंचीच्याच दुखण्याचं लक्षण. पण त्या पोराला ते कसं दिसावं? त्याच्या लेखी तो वर असताना बरा होता, खाली आल्यावरही बरा होता, आणि मध्ये एका हट्टी बाईने त्याला अडवलं होतं. बुडणाऱ्याला बाहेर काढलं तर तो जन्मभर नाव घेतो. काठावरच हात धरून थांबवलं तर तो म्हणतो, मला पोहता येत होतं. आणि खरंच येत असेल, कुणी सांगावं? बाईंना सगळ्यात अवघड गेलं ते हे. त्यांना कधीच खात्रीने कळणार नव्हतं. कदाचित तो रात्रभर कण्हून सकाळी ठीक झाला असता. कदाचित खिंडही ओलांडून गेला असता. जे घडलं त्याची साक्ष द्यायला माणसं असतात. जे टळलं ते कुणी पाहिलेलंच नसतं, अगदी टाळणाऱ्यानेही नाही. जगात अशी कामं करणारी पुष्कळ माणसं आहेत, रेल्वेचे रूळ तपासत रात्री चालणारा गँगमन आहे, धरणाच्या भिंतीतली ओल मोजणारा माणूस आहे, आणि त्यांचं काम जितकं चोख, तितकी त्यांच्याकडे दाखवायला गोष्ट कमी. त्यांना आभाराच्या आशेवर जगताच येत नाही. मला वाटतं, सेवा म्हणून आपण ज्याला म्हणतो तिचा कस इथे लागतो, सरबताच्या पेल्याशी नाही.

त्या दिवशी बाईंनी उत्तर लिहिलं नाही. लिहायला घेतलं असतं तर त्यांची बाजू चांगली भक्कम होती, आणि फळ्यावर तीन मुद्दे मांडून पोराला गप्प करणं त्यांना अवघड नव्हतं. त्यांनी स्वयंपाक्याकडून चमचाभर मैदा मागितला, पाण्यात कालवून खळ केली आणि ती चिठ्ठी मित्रांच्या तक्रारीसमोरच्या कोऱ्या पानावर चिकटवली. तक्रारीच्या पानावर वर समासात त्यांनी बारीक अक्षरात एक ओळ लिहिली: 'नगारू, साडेबारा हजार फूट. दुपारी दोन. डोकेदुखी, दोन उलट्या, रेघेवर दोनदा तोल गेला.' चिठ्ठीच्या बाजूला दुसरी: 'पाद्री, सव्वानऊ हजार फूट. दुसऱ्या दिवशी दुपार. डोकं थांबलं, जेवण दोन वेळा.' पोराचं नाव त्यांनी शाईने झाकून टाकलं. त्याखाली अक्षरही लिहिलं नाही.

मग तुकड्या येत राहिल्या. चहाच्या वेळी वही हातोहात फिरायची. काही जण ते पान वाचून बाईंकडे जरा सावध नजरेने बघायचे. एकाने तर तोंडावर विचारलं, "मॅडम, आम्हालाही रेघेवर चालवणार का?" बाई म्हणाल्या, "गरज पडली तर चालवीन." गोड पानं कमी झाली असं नाही, पण बाई आता सगळ्या तुकड्यांना आवडत नव्हत्या आणि त्यांना त्याची सवय करून घ्यावी लागली. ते सोपं गेलं नाही. एक-दोन वेळा डोकं जरा दुखतं म्हणणाऱ्या एखाद्याला जाऊ द्यावं असं त्यांच्या मनात आलं, निव्वळ कटकट नको म्हणून. दोन्ही वेळा त्या तंबूबाहेर जाऊन वाऱ्यात उभ्या राहिल्या आणि मग आत येऊन जे विचारायचं ते विचारलं. त्यांतला एक साधा थकलेला निघाला आणि दुसऱ्या दिवशी आनंदाने खिंड ओलांडून गेला. दुसऱ्याला उतरवावं लागलं.

मे संपत आला होता तेव्हाच्या एका तुकडीत साताऱ्याची एक बाई होती. वय चाळिशीच्या आसपास. लग्नानंतर पहिल्यांदा एकटी घराबाहेर पडलेली. सासूचं दुखणं, मुलांच्या परीक्षा, सगळं ओळीने लावून तिने हे दहा-बारा दिवस काढले होते. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण तुकडीतल्या सगळ्यांना माहीत होतं, कारण ती रोज कुणाचा ना कुणाचा फोन मागून, रेंज येईल तिथे उभी राहून, घरी भाजीला काय करायचं ते सांगत होती. नगारूला ती सगळ्यांबरोबर पोचली. सरबत प्यायली. फोटो काढून घेतले. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना काही वावगं दिसलं नाही. पंगतीवर पोसलेली बाईंची नजर इथे चुकत होती, कारण ही बाई दुखणं लपवण्यात त्या वारीतल्या आजीपेक्षाही तरबेज होती. तिने ताटही स्वच्छ केलं असतं.

चहाच्या वेळी वही तिच्या हाती आली. तंबूत आठ-दहा जणी होत्या, गप्पा चालल्या होत्या. ती एका पानावर थांबली. पानावरून समोरच्या चिठ्ठीवर गेली, चिठ्ठीवरून समासावर, आणि पुन्हा मागे. मग वही हातात घेऊनच उठली आणि स्वयंपाकघराच्या तंबूत आली. बाई कणीक मळायला मदत करत होत्या.

"बाई, हा मुलगा पाद्रीला पोचल्यावर बरा झाला ना?"

"हो."

"आणि त्याला वाटलं, त्याला काही झालंच नव्हतं."

"हो."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग खाली बसली. "माझं डोकं कालपासून दुखतंय. मिंग थाचला असल्यापासून. मला वाटलं उन्हाचं. मघाशी पाण्याच्या बाटल्या भरायला गेले तर पाय भलतीकडेच पडले. मी म्हटलं, उताराचं असेल." तिने वही मांडीवर ठेवली. "प्रत्येक वेळी काहीतरी असतंच की हो सांगायला. याचंही असणार."

पुऱ्यांचं आणि बुटांचं वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. बाईंच्या ते लक्षात आलं. मित्रांनी लिहिलेल्या पानात तिला ते दिसलं नव्हतं. तिने ते स्वतःवरून ओळखलं होतं.

बाईंनी हात पुसले, तिला बाहेर नेलं आणि रेघ ओढली. चौथ्या पावलाला ती बाहेर गेली. तिने दुसऱ्यांदा करून बघायची परवानगी मागितली नाही.

"पास राहिला," ती म्हणाली. आवाज फुटला नाही, पण बाईंना तो लागला. त्या पोराला खिंड पुढच्या मे महिन्यात परत मिळाली असती. हिला पुन्हा दहा-बारा दिवस कुठून मिळणार होते, बाईंना माहीत नव्हतं आणि त्यांनी खोटा दिलासा दिला नाही. त्यांनी विचारलं, बरोबर कोण आहे. कुणी नाही, ती म्हणाली. मग बाईंनी तुकडीच्या प्रमुखाला बोलावून घेतलं, दोन मदतनीस निवडले, स्वयंपाक्याला थर्मासमध्ये सूप भरायला सांगितलं आणि मिंग थाचच्या कॅम्प लीडरसाठी चिठ्ठी लिहायला बसल्या. घड्याळात पावणेचार झाले होते. अंधाराच्या आत पोचायला अजून वेळ होता, पण थोडाच.

"बाई, चिठ्ठी नंतर लिहा. आधी वही द्या," साताऱ्याची बाई म्हणाली.

तिने त्या चिकटवलेल्या चिठ्ठीच्या पुढचं कोरं पान काढलं आणि समासातल्या ओळीकडे बघत बघत तशाच अक्षरात लिहिलं: 'नगारू, साडेबारा हजार फूट. दुपारी पावणेचार. कालपासून डोकेदुखी. रेघेवर एकदा तोल गेला. खाली पाठवा असं मी स्वतः सांगितलं.' नाव लिहिलं, ते झाकायचं नाही असं बाईंना बजावलं, आणि खाली चार बोटं जागा सोडून वही मिटली. म्हणाली, खाली पोचल्यावर कसं वाटतंय ते पोर्टरबरोबर कळवते, ते इथे चिकटवा. कळवायला दोन दिवस लागले तर पान भरून टाकू नका.

तिने सॅक स्वतःच पाठीवर घेतली. बाईंनी ती काढून मदतनिसाच्या हाती दिली. सूपची वेळ झाली होती, तंबूंतून ताटल्यांचे आवाज येऊ लागले होते, आणि बाईंनी शिट्टी वाजवली.